सोयगांवच्या डोंगरांतील सांचा

अजिंठ्याचीं लेणीं पाहून आलेलीं माणसें आपल्याकडे थोडीं नाहींत. परंतु हीं लेणीं कोणत्या तालुक्यांत मोडतात असें विचारलें, तर बहुतेकांस उत्तर देतां येत नाहीं. अजिंठा हें गांव डोंगरमाथ्यावर, सिल्लोड तालुक्यांत आहे. लेणीं मात्र घाट उतरून खालीं, लेणापूरच्या शिवारांत, म्हणजे सोयगांव तालुक्यांत येतात. ठेवा एकाच्या अंगणांत आणि कीर्ति शेजाऱ्याच्या दारीं, असा हा प्रकार आहे. लेण्यांकडे येणारा प्रवासी फर्दापुराहून परत फिरतो आणि सोयगांव पाहावयाचें राहून जातें. या मासिकाचे वाचक सुटींत सहकुटुंब लेण्यांकडे निघतील तेव्हां त्यांनीं एक दिवस अधिक हातीं ठेवावा, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिण्याचें योजिलें होतें. पण त्या मुलुखांत हिंडतांना मनांत एक निराळाच विचार घोळूं लागला, आणि तो सांगितल्यावांचून हें प्रवासवर्णन पुरें होणार नाहीं.

सोयगांवास जाण्याच्या वाटा तीन. पहिली छत्रपति संभाजीनगराहून सिल्लोड, अजिंठा, फर्दापूर अशी मोठ्या रस्त्याची. दुसरी खानदेशांतून, पाचोरा व शेंदुर्णीकडून येणारी, सपाटीची. आणि तिसरी उंडणगांवाहून हळद्याचा घाट उतरणारी. ज्यास सवड आहे त्यानें ही तिसरी वाट धरावी. मक्याचीं व कपाशीचीं शेतें मागें पडतात, पठार एकाएकीं संपतें, आणि वेताळवाडीच्या किल्ल्याची तटबंदी डोंगराच्या अंगावरून उतरतांना दृष्टीस पडते. पावसाळ्यांत या कड्यांवरून पाण्याच्या धारा सुटलेल्या असतात. घाट उतरला कीं हवा बदलते, मातीचा रंग बदलतो, आणि बोलीहि बदलते. कागदोपत्रीं आपण मराठवाड्यांतच असतों, पण कानाला मात्र खानदेश लागलेला असतो.

हा सीमेचा स्वभाव जुना आहे. १९४८ पर्यंत सोयगांव निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें आणि पलीकडचें पाचोरें इंग्रजी खानदेशांत. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार रुपया. मध्यें संस्थानच्या करोडगिरीचा नाका. येथील व्यापाऱ्यास दोन नाण्यांचा भाव आणि दोन सरकारांचे कायदे ध्यानांत ठेवावे लागत. पाचोरा–जामनेर ही अरुंद मापाची आगगाडी शेंदुर्णी-पहूरवरून २०२० पर्यंत धावत असे. तिच्या आधारानें या भागाचा माल मुंबई-भुसावळच्या मोठ्या लोहमार्गास जाऊन मिळे. अशा वाटेवर बाजार वाढतो, आणि बाजाराच्या माणसाच्या अंगीं एक प्रकारची हुशारी येते. ती हुशारी तालुक्याच्या अशा कोणत्याहि गांवीं आज दिसते. पण तिच्या पोटांत दडलेलें एक दुबळेपणहि दिसतें. तोच या लेखाचा खरा विषय आहे.

एस. टी. च्या थांब्याजवळचें एकादें चहा-भज्यांचें हॉटेल डोळ्यांपुढें आणावें. मालक पहांटे उठतो. दूध किती घ्यावयाचें हें त्यास ठाऊक. चहांत आलें केव्हां घालावयाचें हें त्यास ठाऊक. कोणत्या गिऱ्हाइकास उधार द्यावें आणि कोणास हंसून टाळावें, हेंहि त्यासच ठाऊक. दुकान उत्तम चालतें. परंतु मालक मुलीच्या लग्नास गेला कीं दुकानास कुलूप. मालक आजारी पडला कीं चहा पांचट. आणि मालक देवाघरीं गेला कीं वर्षभरांत पाटी उतरते. मुलगा शिकलेला असतो, कष्टाळूहि असतो. पण वडिलांनीं चाळीस वर्षांत जें मिळविलें तें सारें त्यांच्या डोक्यांत आणि बोटांत होतें. तें त्यांच्याबरोबरच गेलेलें असतें. भांडवल वारशानें येतें, जागा वारशानें येते, नांवहि येतें. कसब मात्र येत नाहीं. आपल्या छोट्या धंद्यांचा हा घरचा रोग आहे, आणि तो एका पिढीची मेहनत दुसऱ्या पिढीच्या हातीं लागूं देत नाहीं.

आपले व्यापारी लिहिण्याचे आळशी होते असें मात्र कोणी म्हणूं नये. रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्यांनीं आपल्या पेढ्या पिढ्यान् पिढ्या चालविल्या. दिवाळींत वहीची पूजा करणारा आपला समाज आहे. पण त्या वहींत आपण पैसा लिहिला, कृति लिहिली नाहीं. किती आलें आणि किती गेलें तें नोंदलें; काम कसें केलें तें नोंदलें नाहीं. ही दुसरी वही कशी असते हें पाहावयाचें, तर याच डोंगरांत फिरलें पाहिजे.

अजिंठ्याच्या सोळा क्रमांकाच्या विहाराच्या ओसरीबाहेर, डाव्या भिंतीवर एक शिलालेख आहे. वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथील वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें हा विहार भिक्षुसंघास अर्पण केला, असें त्यावरून समजतें. काळ इसवी सनाच्या पांचव्या शतकाचा उत्तरार्ध. आतां तेथून पश्चिमेस, डोंगर ओलांडून, जंजाळा गांवाजवळच्या दरींत उतरावें. तेथें घटोत्कच या नांवानें ओळखलें जाणारें लेणें आहे. त्यांतील लेखहि याच वराहदेवाच्या घराण्याचा. वल्लूर नांवाच्या ब्राह्मण कुळाची वंशावळ त्यांत दिली आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं वाकाटकांच्या या लेखांचें संपादन करून ते अभ्यासकांस सुलभ करून दिले.

दोन्ही लेणीं पाहिलेल्या माणसास एक गोष्ट लागलीच जाणवते. पुढें ओसरी, आंत खांबांनीं वेढलेला चौकोनी मंडप, बाजूंस भिक्षूंच्या खोल्या, आणि समोर गाभाऱ्यांत बुद्धमूर्ति. दोन ठिकाणें, मध्यें मोठा डोंगर; पण सांचा एकच. अजिंठ्यांतील त्या काळचे इतरहि विहार पाहतां तोच सांचा थोड्याफार फरकानें पुनःपुन्हा भेटतो. मूर्तीचें आसन बदलेल, नक्षी बदलेल, चित्रकाराचा हात बदलेल. पण खोली कोठें आणि गाभारा कोठें, हा प्रश्न प्रत्येक पाथरवटानें नव्यानें सोडवावयाचा नव्हता. तो सुटलेला होता. म्हणूनच एकाच वेळीं अनेक तुकड्यांस निरनिराळ्या कड्यांवर काम करतां आलें. आणि सांचा ठरलेला होता म्हणून कलावंताचा हात बांधला गेला काय? पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीपुढें उभें राहून याचें उत्तर ज्यानें त्यानें द्यावें. कोठें काय असावें याचा घोर मिटला, म्हणूनच चित्रकाराची सारी शक्ति चित्रांत उतरूं शकली.

याच्या उलट चित्र फर्दापूरच्या फाट्यावर पाहावयास मिळतें. तेथें खासगी वाहनें थांबतात आणि पुढें एस. टी. च्या गाड्यांतून लेण्यांकडे जावें लागतें. फाट्यावरील दुकानांत रंगीत खडे, स्फटिक, मूर्ति, माळा असा सारखाच माल दिसतो. विक्रेते प्रवाशाच्या मागें चालतात, एकादा लहानसा खडा हातावर ठेवतात आणि आपल्या दुकानाचा क्रमांक लक्षांत ठेवावयास सांगतात. माल सारखा, बोलणेंहि सारखें. पण भाव मात्र गिऱ्हाइकाचें तोंड पाहून. परिणाम असा होतो कीं प्रामाणिक दुकानदारावरहि कोणी विश्वास ठेवीत नाहीं. सारखेपणा निराळा आणि पद्धति निराळी, हें येथें उत्तम कळतें. सारखेपणा दिसण्यांत असतो. पद्धति वचनांत असते. काल जें दिलें तेंच आज देईन आणि तुम्हांला जें दिलें तेंच परक्यालाहि देईन, हें तें वचन.

हेंच तत्त्व पुढें अमेरिकेंत मोठ्या व्यापारास आलें. कॅलिफोर्निया प्रांतांत सॅन बर्नार्डिनो येथें मॅकडोनाल्ड नांवाच्या दोघां भावांनीं १९४८ सालीं आपलें खाणावळवजा दुकान बंद ठेवून नव्यानें मांडलें. पदार्थांची यादी तोडून अगदीं थोडे पदार्थ ठेवले. प्रत्येक माणसास एकच काम दिलें. पुढें नवी इमारत बांधावयाची झाली तेव्हां टेनिसच्या मैदानावर खडूनें स्वयंपाकघर रेखून, माणसांस त्यांत हालचाल करावयास लावून, कोणाचें पाऊल कोठें अडतें तें त्यांनीं पाहिलें. १९५४ मध्यें रे क्रॉक नांवाचा यंत्रें विकणारा गृहस्थ तेथें गेला. त्याच्या ध्यानांत आलें कीं येथें विकण्याजोगी वस्तु खाद्यपदार्थ नसून ही मांडणी आहे. १९५५ पासून त्यानें तीच मांडणी गांवोगांव दुसऱ्यांस चालवावयास दिली आणि १९६१ मध्यें मूळ भावांकडून धंदाच विकत घेतला. नांव आणि कृति एकाची, भांडवल आणि श्रम दुसऱ्याचे, अशा या व्यवस्थेस फ्रँचाइझ म्हणतात. १९८६ मध्यें मायकेल गर्बर या लेखकानें ‘द ई-मिथ’ या पुस्तकांत लहान दुकानदारांस असा सल्ला दिला, कीं तुम्हांला दुसरी शाखा काढावयाची नसली तरी आपलें दुकान अशा रीतीनें मांडा, जणूं त्यासारखीं हजारों दुकानें पुढें निघावयाचीं आहेत. कारण काम येणें ही एक विद्या आणि काम चालविणें ही दुसरी. उत्तम भजीं तळणारा उत्तम हॉटेल चालवीलच असें नाहीं.

हें ऐकून कोणी म्हणेल कीं, हीं परदेशचीं कौतुकें आपल्या कामाचीं नाहींत. त्यानें मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहावें. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केलेला हा धंदा मावळ, जुन्नर, आंबेगांव, राजगुरुनगर या भागांतील माणसांनीं चालविला. डब्याच्या झांकणावरील रंग, अक्षरें आणि आंकडे यांवरून कोणतें स्टेशन, कोणती इमारत, कोणता मजला हें कळतें. एक माणूस आजारी पडला तरी दुसरा तो डबा उचलूं शकतो, कारण पत्ता माणसाच्या डोक्यांत नसून डब्यावर आहे. २०२० च्या साथीनंतर या मंडळींची संख्या बरीच घटली. पण पद्धतीचा धडा तेवढ्यानें खोटा ठरत नाहीं.

आमच्या भगिनींस दुसरें उदाहरण अधिक जवळचें वाटेल. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात बायकांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. पहिल्या दिवशीं चार पुडकीं झालीं. त्यांतून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. तिची मांडणी पाहण्यासारखी आहे. पीठ केंद्रांत एकाच प्रमाणानें मळलें जातें; लाटण्याचें काम मात्र प्रत्येक बहीण आपापल्या घरीं करते. सकाळीं आदल्या दिवशींचे पापड आणून द्यावयाचे, ते तपासले जावयाचे, मजुरी घ्यावयाची आणि नवें पीठ न्यावयाचें. जें बिघडण्याचा संभव अधिक तें एका ठिकाणीं बांधून टाकलें; जें हातानेंच व्हावयाचें तें घरोघरीं मोकळें सोडलें. आज चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया या कामांत आहेत, आणि त्या नोकर नसून सभासद आहेत. परक्या नांवाची पाटी विकत न घेतां फ्रँचाइझच्या पद्धतीचा सारा गुण येथें साधलेला आहे.

तर मग थांब्याजवळच्या त्या हॉटेलवाल्यानें काय करावें? खर्च फारसा नाहीं. एक दोनशें पानी वही पुरे. पहिल्या पानावर चहा लिहावा: इतक्या कपांस पाणी किती, दूध किती, पूड व साखर कोणत्या चमच्यानें किती, आलें ठेंचून केव्हां घालावयाचें, उकळ्या किती, आणि केलेला चहा किती वेळानें टाकून द्यावयाचा. या शेवटच्या ओळीस धैर्य लागतें. पण दुकानाची अब्रू तीच राखते. दुसऱ्या पानावर भजीं: पिठाचें माप, कढईंतील तेल केव्हां बदलावयाचें, झाऱ्यावर किती निथळूं द्यावयाचें. तिसऱ्यावर दुकान उघडण्याचीं आणि बंद करण्याचीं कामें क्रमानें लिहावीं. हें पान भिंतीवरहि लावावें. चौथ्यावर गल्ला: सकाळीं सुटे पैसे किती ठेवावयाचे, रात्रीं कोणी मोजावयाचे, मोबाइलवर आलेले पैसे रोजकिर्दींत कसे मांडावयाचे, उधारी किती रुपयांवर थांबवावयाची. पांचव्यावर मुलाचा अधिकार: चहा सांडला किंवा गिऱ्हाइकानें नावड दाखविली, तर मालकास न विचारतां दुसरा कप द्यावा.

ही वही एका बैठकींत लिहून होत नाहीं, आणि मालकानें एकट्यानें लिहूं नये. काम करणाऱ्या मुलाच्या हातून करवून घ्यावें, तो अडेल तेथें लिहावें. मग महिन्यांतून एक दिवस मालकानें मुद्दाम दुकानांत जाऊं नये. संध्याकाळीं काय काय अडलें एवढेंच विचारावें, रागावूं नये. जें अडलें तें अद्याप मालकाच्या डोक्यांत आहे, वहींत उतरलेलें नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. ज्या दिवशीं कांहींच अडणार नाहीं, त्या दिवशीं त्यानें खुशाल पंढरीची वारी करून यावें.

याविरुद्ध एक आक्षेप नेहमीं येतो, आणि तो हलका नाहीं. माणूस अशानें यंत्र होतो, हाताची चव जाते, असें म्हणतात. पण न लिहिलेल्या नियमांखालीं काम करणाऱ्याची स्थिति काय असते, याचाहि विचार व्हावा. मालकाच्या मनांत आज एक, उद्यां दुसरें. नोकरानें तें ओळखावें आणि चुकला तर बोलणीं खावीं. नियम लिहिला कीं तो नोकरास बांधतो तसा मालकासहि बांधतो. दुबळ्याचें रक्षण मालकाच्या चांगल्या मनापेक्षां लिहिलेल्या शब्दानें अधिक होतें.

एकत्र कुटुंबांतील गृहिणींस हें निराळें सांगावयास नको. नव्या सुनेस “मीठ अंदाजानें घाल” असें सांगावयाचें आणि आमटी खारट झाली कीं तिच्या माहेराचा उद्धार करावयाचा, हें आपल्या घरांत थोडें झालेलें नाहीं. अंदाज हा वीस वर्षांच्या सवयीचा दागिना; तो पहिल्या दिवशीं सुनेच्या अंगावर कोठून असणार? १९१० मध्यें लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं ‘गृहिणीमित्र’ लिहिलें आणि १९७० मध्यें कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ निघालें. घरांतल्याच वाटी-चमच्याचें माप देऊन ‘रुचिरा’नें कित्येक नवशिक्या मुलींस सासरीं आणि परदेशींहि उभें केलें. त्यामुळें सुगरणींची चव गेली नाहीं. ज्या सुगरण नव्हत्या त्यांची भीति मात्र गेली. ज्या घरीं आजीचें मेतकूट नांवाजलेलें असेल, त्या घरीं तिच्याजवळ बसून, ती मुठीनें घालील तें वाटींत मोजून, आजच लिहून घ्यावें. वहींत आजीचा हात उतरणार नाहीं. पण तो हात जेथून सुरू झाला ती जागा तरी पुढच्या पिढीस सांपडेल.

मात्र सांच्याची मर्यादाहि ओळखली पाहिजे. हल्लीं तालुक्याच्या गांवांतहि चहाच्या मोठ्या नांवाच्या पाट्या विकत मिळतात. आरंभीं रक्कम द्यावी, पुढेंहि करारांत असेल तसें देत राहावें, माल त्यांच्याकडूनच घ्यावा. कांहींचें त्यांत बरें होतें. पण करार न वाचतां सही करणारा आपल्याच दुकानांत चाकर होऊन बसतो. पाटी घेण्यापूर्वीं शिस्त घ्यावी; ती फुकट मिळते. आणि पाटीपेक्षांहि मोठा धोका दुसराच आहे. तो पाहण्यास पुन्हा लेण्यांकडेच वळावें लागतें.

चोवीस क्रमांकाचें लेणें पुरें झालें असतें तर तें अजिंठ्यांतील सर्वांत मोठ्या विहारांपैकीं एक झालें असतें. आज तेथें टांकीच्या घावांच्या खुणा जशाच्या तशा आहेत. खडकांत लांब गल्ल्या खोदून मधला दगड फोडीत कसें जात, तें तेथें स्पष्ट दिसतें. खांब कोठें येणार हेंहि दिसतें. पण अनेक खांब ओबडधोबड ठोकळेच राहिले आहेत. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनीं आयुष्यभर या लेण्यांचा कालक्रम लावला. त्यांच्या मतें हरिषेण राजाच्या मृत्यूनंतर येथील कामास उतरती कळा लागली आणि तें लौकरच थांबलें. त्यांच्या नेमक्या सालांविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्या घराण्याच्या ऱ्हासाबरोबर ही छिन्नीहि थांबली, हें मोठ्या प्रमाणावर मान्य आहे. सांचा तयार होता, हात तयार होते, खडकहि होता. कृति अनेकांची होती. आधार मात्र थोड्या थोरांचा होता. तो तुटतांच कृति पोरकी झाली.

म्हणून ज्याला आपला उद्योग आपल्यामागें जगावा असें वाटतें, त्यानें दोन गोष्टी डोक्याबाहेर काढाव्या. एक कामाची रीति आणि दुसरी पैशाची चावी. रीति वहींत लिहावी आणि हिशेब घरांतल्या दुसऱ्या जाणत्या माणसास, मग ती पत्नी असो, सून असो कीं धाकटा भाऊ असो, नित्य दाखवावा. पहिली केली आणि दुसरी राहिली, तर चोवीसाव्या लेण्यासारखी दशा होते. दुसरी केली आणि पहिली राहिली, तर पैसा उरतो आणि दुकान जातें.

आमच्या वाचकांपैकीं जे कोणी या बाजूस येतील त्यांनीं सोळावें लेणें पाहून घाईनें परतूं नये. चोवीसाव्यांतहि थोडा वेळ बसावें, दुसऱ्या दिवशीं घटोत्कचाची दरी उतरावी, आणि सोयगांवच्या बाजारांत चहा घ्यावा. मुलें बरोबर असतील तर त्यांस दोन प्रश्न अवश्य विचारावे: हें पुरें कां झालें, आणि तें अपुरें कां राहिलें? मुलें आपापल्या बुद्धीप्रमाणें उत्तरें देतील. वडील मंडळींनीं घरीं आल्यावर आपल्या दुकानाकडे, दवाखान्याकडे किंवा स्वयंपाकघराकडे पाहून तेच दोन प्रश्न स्वतःस विचारावे, आणि एक कोरी वही आणावी.